नेत्रावळीचं रान पहिल्यांदा पाहायला जाताना

गोव्यातल्या नेत्रावळीला पहिल्यांदा जाणाऱ्यांची चूक बहुतेक वेळा महिना निवडतानाच होते. एका फोटोत सावरीचा वझर, म्हणजे धबधबा, धो धो कोसळत असतो, दुसऱ्यात पांगारा लालभडक फुललेला असतो, आणि दोन्ही एकाच फेरीत बघायचं ठरवून मंडळी मार्चमध्ये येतात. पाणी तेव्हा उतरलेलं असतं. उलट जुलैत येणाऱ्याला पाणी भरपूर मिळतं, पण त्याच्यापर्यंत पोचायची परवानगी असेलच असं नाही आणि वसंतातलं फूल तर एकही दिसत नाही. म्हणून आधी ठरवायचं ते एवढंच: या वेळी पाणी बघायचं की फुलं?

थोडी ओळख करून घेऊ. नेत्रावळी वन्यजीव अभयारण्य सांगे तालुक्यात आहे, क्षेत्रफळ सुमारे २११ चौरस किलोमीटर. १९९९ साली गोव्यात राष्ट्रपती राजवट असताना म्हादई आणि नेत्रावळी ही दोन्ही अभयारण्यं जाहीर झाली. उत्तरेला मोलेचं राष्ट्रीय उद्यान आणि दक्षिणेला खोतीगाव अभयारण्य असल्यामुळे गोव्याच्या पूर्व कडेचं रान सलग राहिलं आहे. आत गावं आहेत, कुळागरं (सुपारी-नारळाच्या बागा) आहेत, देवळं आहेत. लोक इथे पिढ्यान् पिढ्या राहतात, तेव्हा आपण कुणाच्या तरी दारातून जातो आहोत हे ध्यानात ठेवून वागावं.

पहिली पायरी: महिना ठरवा

जून ते सप्टेंबर. गोव्यात पावसाची वार्षिक सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास आहे आणि घाटाच्या पायथ्याशी त्याहून जास्त पडतो. वझर तेव्हा सगळ्यात मोठे असतात आणि सगळ्यात धोक्याचेही. जुलै २०२३ मध्ये मैनापीच्या वझरावर दोन जण बुडाल्यावर वन खात्याने अभयारण्यांतल्या धबधब्यांवर जायला बंदी घातली होती. पावसाळ्यात कुठला वझर खुला आणि कुठला बंद हे त्या त्या वर्षी, कधी त्या त्या आठवड्यातही बदलतं. निघायच्या आदल्या दिवशी वन खात्याच्या स्थानिक कार्यालयाकडून खात्री करून घ्या. मित्राने मागच्या वर्षी टाकलेल्या व्हिडिओवर विसंबू नका.

या महिन्यांतली फुलं पायाशी असतात. ऑगस्ट-सप्टेंबरात रस्त्याकडेच्या ओल्या कापांवर तेरडा, उघड्या जांभ्या कातळावर सीतेची आसवं आणि गेंद, गवतात पिवळी कवला आणि सोनकी, कुंपणावर चढलेली कळलावी. त्यांच्यासाठी रानात खोल शिरायची गरजच नाही. सांग्याहून नेत्रावळीकडे जाताना गाडी सुरक्षित जागी लावून शंभर पावलं चाललं तरी पुष्कळ दिसतं. चवथीच्या आधी आलात तर कुडचडे किंवा सांग्याच्या बाजारात माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या सजावटीचं, सामान मांडून बसलेल्या बायकांकडे जा. रानातल्या फळाफुलांची नावं शिकायला तेवढी चांगली जागा दुसरी नाही. अर्थात काहीतरी विकत घेऊन मगच विचारावं.

ऑक्टोबर ते डिसेंबर. नवख्यांनी वझरांसाठी हेच महिने धरावेत. पाणी भरपूर असतं, गढूळपणा गेलेला असतो, वाट सुकलेली असते आणि जळवा कमी झालेल्या असतात. परतीच्या पावसाच्या दुपारच्या सरी ऑक्टोबरात येतात, म्हणून पाण्याकडचं काम सकाळीच उरकावं.

फेब्रुवारी ते एप्रिल. हा फुलांचा काळ, आणि फुलं मान वर करून बघायची. सावरीच्या वझराला उन्हाळ्यातही धार असते, पण पातळ. ती पाहून निराश व्हायचं नसेल तर तिला मुख्य पाहुणा समजू नका. हवा मार्चपासून दमट आणि गरम होत जाते; अकरानंतर चालणं नको वाटतं.

मे महिना या सगळ्यांत अवघड. बहावा आणि तामण फुललेले असतात, झाडांच्या फांद्यांवर सीतेची वेणी हे ऑर्किड लोंबू लागतं, पण उकाडा फार आणि वळवाच्या पावसासोबत विजा. पहिल्या फेरीसाठी मे निवडू नये.

दुसरी पायरी: पोचणं आणि परवानगी

मडगावहून केपे किंवा कुडचडेमार्गे सांगे, आणि तिथून नेत्रावळी. स्वतःच्या गाडीने सव्वा ते दीड तास. कदंब बस सांग्यापर्यंत सहज मिळते, पुढे फेऱ्या मोजक्याच. शेवटची परतीची बस किती वाजता आहे हे उतरतानाच कंडक्टरला विचारून घ्या. रेल्वेने येणाऱ्यांना सावर्डे-कुडचडे स्थानक जवळचं, मात्र बहुतेक लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी मडगावलाच उतरावं लागतं. पेट्रोल आणि रोख पैसे कुडचडे किंवा सांग्यातच घ्या. सुटे पैसे ठेवा. आत नेटवर्क नसेल तिथे यूपीआय चालत नाही.

वाटेत साळावलीचं धरण आहे. पावसाळ्यात ते भरलं की त्याच्या गोल सांडव्यातून पाणी आत कोसळताना बघायला लोक खास येतात. हे मात्र परतीच्या वेळी करा. जाताना थांबलात की सकाळ गेली.

अभयारण्याच्या गेटवर नाव नोंदवून, शुल्क भरून, पावती घ्यावी लागते. फोटो असलेलं ओळखपत्र जवळ ठेवा. पावती दिवस संपेपर्यंत सांभाळा. गेटवरच चार प्रश्न विचारा: आज कुठली वाट खुली आहे, वर काल पाऊस किती झाला, गवे कुठे दिसले, आणि किती वाजेपर्यंत परत यायचं. स्थानिक वाटाड्या मिळत असेल तर मैनापीसाठी तो घ्याच. पैसे वाचवायला जाऊन वाट चुकणारे दरवर्षी असतात. व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, कडेने गुरांच्या इतक्या पायवाटा फुटतात की नकाशा त्यापुढे हात टेकतो.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ इथे पूर्ण लागू आहे. त्यातल्या चार गोष्टी नवख्याला माहीत हव्यात: जनावरांना त्रास द्यायचा नाही, कचरा टाकायचा नाही, आग पेटवायची नाही, आणि रानातलं काहीही परवान्याशिवाय तोडून न्यायचं नाही. यात फूल आलं, ऑर्किडचा गड्डा आला, जमिनीवर पडलेलं बीही आलं. आगीचं कलम मार्चमध्ये फार महत्त्वाचं ठरतं. मार्च २०२३ मध्ये गोव्याच्या रानांत बऱ्याच ठिकाणी वणवे लागले होते. पानगळीचा थर तेव्हा वाळून कोळ झालेला असतो आणि एक थोटूक पुरतं.

तिसरी पायरी: पिशवीत काय

पाणी माणशी दोन लिटर, मार्चनंतर तीन. ओआरएसच्या दोन पुड्या. व्हाळाचं पाणी स्वच्छ दिसलं तरी वर गुरं असतात, पिऊ नका. दुपारचं जेवण गावात मिळतं, पण आदल्या दिवशी फोन करून सांगितलं तरच. आयत्या वेळी कुणी भात वाढून बसलेलं नसतं.

कपडे पूर्ण बाह्यांचे, पूर्ण पायांचे आणि फिक्या रंगाचे. फिका रंग गोचीड दिसावी म्हणून. बुटांचा तळ रबराचा आणि खोल खाचांचा हवा. जिममधल्या सपाट तळाच्या बुटांनी शेवाळलेल्या कातळावर उभंसुद्धा राहता येत नाही. पावसाळ्यात छत्री नको, रेनकोट हवा, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. मोबाईलवर नकाशा आधीच उतरवून ठेवा. एक शिट्टी, एक काठी, एक लहान चिमटा, बँडेज. दुर्बीण असेल तर ८×४२. वसंतातल्या फेरीत ती कॅमेऱ्यापेक्षा जास्त कामाला येते.

दारू, काचेच्या बाटल्या आणि ब्लूटूथ स्पीकर घरी ठेवा. ड्रोन परवानगीशिवाय चालत नाही.

चौथी पायरी: पाण्याची फेरी

सावरी आणि मैनापी हे इथले दोन नावाजलेले वझर. सावरीची वाट सोपी, रमतगमत पाऊण तास धरा. मैनापीची वाट लांब, चढाची आणि व्हाळ ओलांडायला लावणारी. जाऊन येऊन अर्धा दिवस ठेवा. पहिल्यांदा येणाऱ्याने एका दिवसात दोन्ही करू नयेत. घरात लहान मुलं किंवा वयस्क असतील तर सावरी आणि दुपारी गोपीनाथाच्या देवळाजवळची बुडबुड्यांची तळी, एवढं पुरे. तळीच्या पायऱ्यांवर बसून तळातून वर येणारे बुडबुडे बघायचे, पाण्यात उतरायचं नाही.

इथे नेमकं काय चुकतं ते सविस्तर सांगायला हवं.

एक: पाऊस आपल्या डोक्यावर पडत नसला तरी पाणी वाढतं. वझराचं पाणलोट वर घाटात असतं, उतार उभा आणि खडक उघडा. वर तासभर कोसळलं की खालच्या डोहाची पातळी काही मिनिटांत चढते. त्याआधी खुणा दिसतात. स्वच्छ पाणी चहाच्या रंगाचं होतं. काटक्या आणि हिरवी पानं तरंगत येतात. आवाज जाड होतो. आधी कोरडा असलेला दगड ओला दिसू लागतो. यातली एक जरी खूण दिसली तरी सामान सोडून आधी वर चढा, आणि चढायचं ते कडेच्या उतारावर. व्हाळाच्या पात्रातून खाली पळू नका. पलीकडच्या काठावर अडकलात तर तिथेच उंचावर बसून राहा. लहान व्हाळ पाऊस थांबल्यावर काही तासांत उतरतात. बुडण्याच्या कित्येक घटनांत घाई हेच कारण असतं.

दोन: धारेखालचं पाणी पोहण्याच्या तलावासारखं नसतं. कोसळणाऱ्या पाण्यात हवा मिसळते, फेसाळ पाणी हलकं होतं आणि माणसाला तितकं उचलून धरत नाही. शिवाय पडणारी धार खाली दाबते आणि तळातून फिरून परत धारेकडेच ओढते. चांगला पोहणाराही तिथे दमतो. तळाशी पावसात वाहून आलेले ओंडके आणि दगड असतात, दरवर्षी जागा बदलून. म्हणून मागच्या वर्षी उडी मारली होती हे कारण या वर्षी चालत नाही. पोहता येत नसेल त्याने गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ नये आणि धारेच्या थेट खाली कुणीच उभं राहू नये. वरून दगड येतात.

तीन: घसरणं. काळा आणि गुळगुळीत दिसणारा दगड म्हणजे शेवाळ. पांढुरका, खरखरीत दगड त्या मानाने भरवशाचा. व्हाळ ओलांडताना पाणी गुडघ्याच्या वर आणि वेगाचं असेल तर माघारी फिरा. ओलांडायचंच असेल तर पिशवीचे कमरेचे पट्टे सोडा, तोंड प्रवाहाच्या वरच्या बाजूला ठेवा, काठी पुढे टेकवून तिरकं चाला, एका वेळी एकच पाय उचला. बूट काढून हातात धरू नका; अनवाणी पाय दगडात अडकला की मोडतो.

पावसाळ्यात जळवा लागणारच. पँट मोज्यांत खोचा आणि मोज्यांवर मीठ किंवा तंबाखूचं पाणी लावा. लागलीच तर नखाने तोंडाकडची बाजू हळूच सरकवून काढा. काडी पेटवून जाळलं तर ती पोटातलं जखमेत ओकते आणि खाज आठवडाभर टिकते. रक्त थोडा वेळ वाहतं, घाबरू नका.

फांदीला हात लावण्याआधी मात्र बघा. मलबारी चापडा हा विषारी साप पावसाळ्यात कमरेइतक्या उंचीवर फांदीला वेटोळं घालून बसतो, हिरवा, तपकिरी किंवा पिवळसर, आणि हलत नाही. तो तुमच्यावर येत नाही. हात त्याच्यावर पडतो, म्हणून चावतो.

पाचवी पायरी: फुलांची फेरी

वसंतात गेटवर सकाळी उघडताच हजर राहा. सात ते साडेनऊ हा वेळ सोन्याचा. पांगारा, पळस आणि सावर ही तिन्ही झाडं पानं गाळून फुलतात, फुलांत मध भरपूर, आणि पक्षी त्यासाठी सकाळीच गर्दी करतात: कोतवाल, साळुंक्या, सूर्यपक्षी, हरेवा. एका फुललेल्या झाडासमोर अर्धा तास न बोलता उभं राहिलात तर दिवसभर भटकून दिसणार नाही इतकं दिसतं. झाडामागून झाड करत सुटू नका.

ओळखताना गफलत होते ती इथे. पळसाला पानं तीन, ही म्हण सगळ्यांना ठाऊक असते, पण पांगाऱ्यालाही पानं तीनच असतात. म्हणून पानावर जाऊ नका. पळसाच्या फुलाचा देठाकडचा कप काळसर मखमली आणि पाकळी चोचीसारखी वाकडी. झाडाला काटे नाहीत. पांगाऱ्याची फुलं लांबट तुऱ्यात, शेंदरी-लाल, आणि फांद्यांना काटे. सावरीच्या झाडाच्या फुलाला जाड मांसल पाच पाकळ्या, खोडावर शंकूसारखे काटे, आणि फूल अख्खंच्या अख्खं धप्पकन खाली पडतं. जमिनीवर पडलेलं उचलून नीट न्याहाळा आणि तिथेच ठेवा. भेकरं ती खातात.

पाण्याच्या कडेला सीतेचा अशोक शोधा. शहरात बंगल्यांसमोर सरळसोट उभा असतो तो वेगळा. खऱ्या अशोकाच्या फांद्यांवर केशरी गुच्छ लागतात, पुढे ते लाल होतात, आणि कोवळी पानं तांबूस, लुळी लोंबतात. अंजनीची फुलं जांभळी-निळी, फांदीला थेट चिकटलेली; दुरून फांदीवर शाई सांडल्यागत वाटतं. धायटीच्या फांद्या बारीक लाल नळ्यांनी भरलेल्या असतात. उक्षीचे फिकट हिरवे झुबके झाडांवर पसरलेल्या वेलाचे असतात, आणि ज्यांना तुम्ही पाकळ्या समजता ते खरं तर निदल, म्हणजे कळीचं बाहेरचं आवरण. कुंभ्याचं मोठं पांढरं फूल रात्री उमलतं आणि सकाळी झडू लागतं, आठनंतर बहुधा खालीच सापडेल. सुरंगी नाकाने शोधायची. मार्चमध्ये बाजारात तिचे वळेसर, म्हणजे गजरे, विकायला येतात, ते आधी हुंगून ठेवा, मग रानात वास आला की पाय आपोआप थांबतील.

जमिनीवरही बघत चला. भुईचाफा पानांच्या आधी, पाचोळ्यातून थेट फूल वर काढतो. वाट सोडून चालणाऱ्यांच्या पायाखाली सगळ्यात आधी तोच येतो.

वाटेत देवराई लागली तर गावात विचारून, चपला काढून जा. काही ठिकाणी परक्याने आत जायचं नसतं. तिथे वाद घालू नये.

फोटोसाठी एकच सूचना: लाल फूल कडक उन्हात मोबाईलवर भडक ठिपका होतं. सकाळच्या सावलीत, कॅमेऱ्यातला उजेड थोडा कमी करून घ्या. आणि चांगल्या कोनासाठी फांदी वाकवू नका.

गवा समोर आला तर

गवा हा गोव्याचा राज्यप्राणी आणि नेत्रावळीच्या रस्त्यांवर संध्याकाळी सहज भेटणारा. गाडीत असाल तर इंजिन चालू ठेवून थांबा, हॉर्न आणि लखलखीत दिवे नकोत. पायी असाल तर नजर न रोखता हळू मागे सरका आणि मधे जाड झाड येईल असं बघा. एकटा नर कळपापेक्षा जास्त बेभरवशाचा. अस्वलासाठी उपाय उलटा आहे: झुडपांतून चालताना अधूनमधून बोलत राहा म्हणजे त्याला आधीच चाहूल लागते.

दूधसागर याच फेरीत नको

नेत्रावळीला आलोच आहोत तर दूधसागरही उरकू, असं पुष्कळांना वाटतं. सुमारे ३१० मीटर उंचीचा तो धबधबा भगवान महावीर अभयारण्यात आहे, वाट कुळेहून, जीप पावसाळ्यात बंद. त्याला वेगळा दिवस द्या. रुळांवरून चालत जाणं हा गुन्हा आहे, आणि त्या बोगद्यांत गाडी आली तर बाजूला व्हायला जागा नसते.

शेवटची पायरी: परतल्यावर

डिसेंबर ते मे या काळात ही पायरी चुकवू नका. घाटातल्या रानात गोचिडींमधून माकडताप पसरतो. गोव्यात सत्तरी तालुक्यात २०१५ साली त्याची साथ आली होती, आणि गोचिडीची पिल्लं याच कोरड्या महिन्यांत सगळ्यात जास्त असतात. ती मोहरीएवढी, चावलेली कळतही नाही. पाचोळ्यावर बसू नका, आडवे तर मुळीच होऊ नका. रानात मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, गेटवर जागा सांगा.

घरी आल्यावर कपडे बाहेरच काढून गरम पाण्यात टाका. काखा, जांघा, कमरेचा पट्टा, गुडघ्यामागची बाजू, कानामागे आणि केसांत नीट बघा. मुलांचं तुम्ही तपासा, तुमचं दुसऱ्याला तपासू द्या. गोचीड सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. पिळू नका, तेल किंवा रॉकेल ओतू नका. जागा साबणाने धुवा आणि तारीख लिहून ठेवा.

माकडताप साधारण तीन ते आठ दिवसांत डोकं वर काढतो: अचानक जोराचा ताप, डोकेदुखी, अंगदुखी. असं झालं तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की अमुक तारखेला सांग्याच्या रानात होतो. नुसतं ताप आहे म्हणालात तर ते डेंगी-मलेरियाच्या मागे लागतील, आणि मधले दोन दिवस फुकट जातील.